भिंतीची मागची बाजू

थोरलीचा फोन आला तेव्हा धाकटी पोरीचे दोन्ही हात आपल्या काखेत दाबून तिच्या तोंडात तापाचं औषध सोडत होती. अर्धं आत गेलं, अर्धं फ्रॉकवर. फोन खांद्यानं कानाशी दाबून ती म्हणाली, "बोल."

"आत्ताच्या आत्ता ये."

"का? कुणी गेलं का?"

"गेलं नाही, निघालंय. भिंतीतून. फोनवर सांगण्यासारखं नाही."

थोरली फोनवर सगळंच सांगायची, दाढदुखीपासून सरकार पडण्यापर्यंत. ती असं म्हणाली म्हणजे जायलाच हवं होतं. धाकटीनं पोरीचं कपाळ चाचपलं, मग मान, मग पुन्हा कपाळ. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

"ताप उतरतोय," त्या म्हणाल्या. "सारखी हात लावून काय होणार? आणि भिंती कुठं पळून चालल्यात तुमच्या?"

"तासाभरात येते."

"ये की. तशीही इथं असलीस तरी तू तिथंच असतेस." पण बोलता बोलता त्यांनी पोरीला कडेवर घेतलंही होतं.

थोरली आणि धाकटी बहिणी नव्हत्या. पेपरात पहिल्यांदा छापून आलं तेव्हा वार्ताहरानं त्यांना बहिणी करून टाकलं होतं. दुरुस्ती कोण करत बसणार म्हणून दोघींनी सोडून दिलं, आणि मग तेच नाव पडलं. चित्रांखाली मात्र त्या दोघींपैकी कुणाचंच नाव लावत नसत. नुसतं 'जोडकाम' लिहीत. कुठला हात कुणाचा हे विचारणाऱ्याला थोरली सांगायची, "डावा तिचा, उजवा माझा. डोकं भाड्यानं आणलंय."

खरी वाटणी वेगळी होती. घरं पाडली जाणार असली की धाकटी तिथं जायची. माणसांशी बोलायची, लेकरांना खेळवायची, आणि घरातली एक भिंत मागून घ्यायची. मग पातळ कापडाला गरम सरस लावून ते भिंतीवर चिकटवायचं. सरस वाळला की आक्रसतो आणि रंगाची वरची कातडी धरून ओढतो. कापड हळूहळू सोलत आणलं की भिंतीचं साल कापडासकट हातात येतं. ते गुंडाळून, खोलीचा क्रमांक टाकून धाकटी त्यांच्या कामाच्या जागी आणून ठेवायची. पुढचं थोरलीचं. ती ते साल पालथं घालायची आणि मागच्या बाजूनं, जी कधी कुणी पाहिलेलीच नसते त्या बाजूनं, ओल्या कापसानं नि पातळ पात्यानं गिलाव्याची माती काढत जायची. त्यामुळं त्यांच्या भिंती टांगल्या जायच्या त्या उलट्या. जे घरात सगळ्यात आधी रंगवलं गेलं ते सगळ्यात वर यायचं, तेही आरशातल्यासारखं.

थोरली त्या घरांत कधी पाऊल टाकत नसे. "चेहरे माहीत झाले की हात अडखळतो," असं तिचं म्हणणं. आणि धाकटी एकदा गुंडाळी आणून टाकली की मागे वळून बघत नसे. पोर झाल्यापासून तर मुळीच नाही, अंगात तेवढं त्राणच उरत नव्हतं. अशी दोघींची अनेक वर्षं सुरळीत गेली होती.

बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात त्यांची जागा होती. उन्हाळ्यात बरी, बाकी वर्षभर सर्दी. धाकटी आत शिरली तेव्हा थोरली लांब मेजापाशी खुर्ची ओढून बसली होती. पाती बाजूला ठेवलेली. तिचं असं रिकाम्या हातानं बसणं धाकटीनं क्वचितच पाहिलं होतं.

"बघ."

मेजावर पसरलेल्या सालाच्या मधोमध, पिवळट पडलेल्या चुन्यावर, काळ्या फवाऱ्यानं उमटवलेली एक खुर्ची होती. चारी पाय वर. पाठ जमिनीला टेकलेली. शेजारी तीच पुन्हा, जरा पुसट. खाली तिसरी, तिचा एक पाय फिसकटलेला.

धाकटी मेजावर वाकली.

ही खुर्ची गावात कुणाला ठाऊक नव्हती असं नाही. चार वर्षांपूर्वी एका सकाळी लोक उठले तर कचेरीच्या भिंतीवर, पुलाच्या खांबांवर, पोलिसांच्या गाडीच्या दारावरसुद्धा ती उलटी खुर्ची होती. कुणी केली ते कळलं नाही. लोक गालातल्या गालात हसले, मग मोर्चे निघाले, मग लाठ्या चालल्या. दोन माणसं गेली. खटला अजून उघडाच होता आणि पोलिसांच्या नव्या साहेबांनी तो पुन्हा वर काढला होता. परवा रंगाच्या दुकानदाराला चौकशीला नेलं, तो परत आल्यापासून दुकान उघडत नव्हता.

"पहिला हात आहे हा," थोरली म्हणाली. "साचा कापून घरच्या भिंतीवर करून बघितलंय. हा पाय बिघडलाय बघ, म्हणून मग साचा सुधारला. गावात सगळीकडे पाय सरळ आहेत. धाकटे, ही खुर्ची या भिंतीवर जन्मली."

"कुठली खोली?"

थोरलीनं चिठ्ठीकडे बोट केलं. तशी गरज नव्हती. सालाच्या एका कडेला, हाताला येईल एवढ्या उंचीवर, खिळ्याचं भोक होतं. त्या खिळ्याला मापाची फीत लटकलेली असायची. शिवणकाम करणाऱ्या मावशींची भिंत.

धाकटीला तो दिवस आठवला. बाकीच्यांच्या भिंती तेलकट, धुरकटलेल्या, आणि मावशींची मात्र पांढरीशुभ्र. मावशींनीच दाखवली होती. "हीच घ्या, ही स्वच्छ आहे. दरवर्षी माझ्या हातानं चुना मारते." इतके थर, सोलायला किती सोपं, याचाच तिला आनंद झाला होता. ती कापड चिकटवत असताना मावशींनी एकदा विचारलंही होतं, "नुसता चुनाच जाणार ना, पोरी?" आणि तिचं लक्ष घड्याळाकडे होतं, पोरीची दूध प्यायची वेळ झाली होती. ती म्हणाली होती, "हो हो, नुसता वरचा चुना."

"हे प्रदर्शनात लावता येणार नाही, ताई."

"मला ठाऊकच होतं तू असं म्हणणार." थोरलीनं डोळे चोळले. "खोलीचा क्रमांक काढून टाकू. कुणाची भिंत हे सांगायचंच नाही."

"वस्तीतल्या सगळ्यांना आपण उद्घाटनाला बोलावलंय. ते भिंत ओळखणार नाहीत? खिळा ओळखतील, कोनाडा ओळखतील. बायका त्या भिंतीसमोर उभ्या राहून ब्लाउजची मापं देत होत्या."

"मग सगळ्यांना कळेल की त्या म्हाताऱ्या बाईच्या घरी..."

"म्हाताऱ्या बाईनं पोलिसांच्या गाडीवर साचा मारला का? तिला मुलगी आहे. सरकारी दवाखान्यात नर्स आहे आता."

थोरली म्हणाली, "किती वर्षं झाली आपल्याला हे करून? तेच पन्नासेक लोक येतात. वाईन पितात, 'अस्वस्थ झालो' म्हणतात, गाडी काढून घरी जातात. आपलं काम बघून खुर्चीवरून कुणी उठलं का आजवर? आपण दुसऱ्यांच्या रागाची टरफलं टांगत आलो. हा राग अख्खा आहे, धाकटे. सालासकट, गरासकट. मी दमलेय गं टरफलं टांगून."

हे खोटं नव्हतं. धाकटी स्वतःही दमलेली होती, पण तिचं दमणं दुसऱ्या जातीचं. झोप न झाल्याचं, सतत कान टवकारून राहिल्याचं.

"मी मावशींना विचारून येते," ती म्हणाली.

"आणि त्या नको म्हणाल्या तर?"

"तर नको."

"दोघींच्या होकाराशिवाय बाहेर जात नाही काही, हे खरंय. पण दोघींच्या होकाराशिवाय मोडतही नाही. लक्षात ठेव."

मावशींना नवं घर मिळालं होतं ते नवव्या मजल्यावर. लिफ्ट बंद. धाकटी कठडा धरून चढत गेली, दर दोन मजल्यांनी थांबून फोन बघत गेली. सासूबाईंचा निरोप आला होता. 'झोपली. घाम आला. आता तू पण जरा श्वास घे.'

मावशी मशीनवर बसल्या होत्या. नव्या घराच्या भिंती गुळगुळीत, फिक्या निळ्या. त्यांवर खिळा ठोकायला मनाई असल्यानं मापाची फीत मावशींच्या गळ्यात. गॅलरीत नर्सचा पांढरा गणवेश वाळत होता.

"ये पोरी. लेक कशी आहे? अंगाशी नीट धरतेस का तिला, की अजून पाहुणीसारखी धरतेस?"

"ताप होता. उतरतोय."

"दात येत असतील. बस. उद्घाटनाला मी कुठली साडी नेसू ते मला सांग, माझी भिंत मोठ्या लोकांत जाणार."

धाकटीनं सांगून टाकलं. आडवळणं घेतली असती तर जमलंच नसतं. कापड, सरस, मागची बाजू, ओला कापूस. मशीनचं चाक मावशींनी हातानं धरून थांबवलं होतं. सांगून झालं तरी त्यांनी ते सोडलं नाही.

"खुर्ची दिसते?" त्यांनी विचारलं.

"दिसते."

"तिन्ही?"

धाकटीनं मान हलवली.

"चुना मारून मारून खांदा गेला माझा," मावशी म्हणाल्या. "पावसात ओल आली की काळं वर यायचं. की मी पुन्हा कुंचला घ्यायची. शेजारणी म्हणायच्या, काय बाई हिला स्वच्छतेचं वेड! मला वाटलं, घर पाडतील तेव्हा सुटेन एकदाची. तेवढ्यात तू आलीस भिंत मागायला. म्हटलं बरंच झालं, पुरावा घरातून परस्पर चाललाय, वर चुना आहेच." त्या हसल्या, पण ते हसणं तोंडापलीकडे गेलं नाही. "मी समोरून झाकत होते. तुम्ही मागून आलात."

"माझं चुकलं मावशी. मी सांगायला हवं होतं."

"कुणाकुणाला माहीत आहे?"

"आम्हा दोघींनाच."

"दोघी म्हणजे पुष्कळ झाल्या." मावशी उठल्या. गळ्यातली फीत काढून त्यांनी मशीनवर ठेवली आणि चपला शोधू लागल्या. "लेकीची दवाखान्यातली पाळी संध्याकाळी सुटते. त्याच्या आत चल."

"ताईला विचारायचंय की तुम्ही..."

"तुझ्या ताईचं मी बघते."

नऊ मजले उतरताना मावशींनी तिचा दंड धरला होता. आधारासाठी की पळून जाईल म्हणून, हे धाकटीला कळलं नाही.

कारखान्यात थोरली तशीच बसली होती. मावशींना बघून उठली आणि हात कुठं ठेवावेत ते तिला सुचेना. इतक्या भिंती तिच्या हाताखालून गेल्या होत्या, पण भिंतीची मालकीण अशी समोर येऊन उभी राहण्याची ही पहिलीच वेळ. तिनं आपली खुर्ची पुढं केली. मावशी बसल्या नाहीत. मेजापाशी जाऊन त्यांनी सालाकडे बघितलं. मग डोकं तिरकं करून बघितलं. मग पदरानं चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"चांगली काढलीय," त्या म्हणाल्या. "तेव्हा नीट बघितलीच नव्हती. भीतीनं."

"फार चांगली काढलीय," थोरली म्हणाली. "मावशी, मी आयुष्यभर या धंद्यात आहे. इतकं नेमकं मला एकदाही जमलेलं नाही. तुमच्या मुलीला हे सांगायला हवं कुणीतरी."

"कुणी सांगायचं नाही."

"तिला विचारलंत तुम्ही?"

"नाही."

"चित्र तिचं आहे. ती मोठी आहे. विचारायला नको?"

धाकटीनं मावशींकडे बघितलं. वाटेत तिच्याही मनात हाच प्रश्न आला होता आणि तिनं त्याकडे कानाडोळा केला होता.

"विचारलं तर ती हो म्हणेल," मावशी म्हणाल्या. "तिचं रक्त अजून थंड झालेलं नाही. घरी बातम्या लागल्या की ती उठून गॅलरीत जाते, कठडा धरून उभी राहते. मी बघते ना. ती म्हणेल, लाव आई, होऊ दे काय व्हायचं ते. म्हणून तर विचारायचं नाही."

"हा तिच्यावर अन्याय आहे."

"आहे," मावशी म्हणाल्या. "तो मी करते. तुमच्या डोक्यावर नको. हे कशानं जातं? पाण्यानं?"

बाहेर कुणीतरी मोटारसायकल सुरू करायचा प्रयत्न करत होतं आणि ती होत नव्हती. थोरलीनं धाकटीकडे बघितलं. तिला काय हवं होतं ते धाकटीला कळत होतं. एक शब्द. 'थांब' म्हण, किंवा 'निदान तिला बोलावू' म्हण. धाकटीच्या जिभेवर तो आलाही. पण डोळ्यांपुढं गॅलरीतला गणवेश होता, बाह्यांतून पाणी ठिबकत असलेला. ती म्हणाली, "गरम पाण्यानं. सरस विरघळला की सगळं सुटतं."

थोरलीनं मान खाली घातली. मग शेगडीपाशी गेली आणि सरस उकळायच्या मोठ्या पातेल्यात पाणी चढवलं.

पूर्वी बर्फ ज्यात धरायचे त्या उथळ हौदात त्यांनी साल ठेवलं. खुर्च्या वर. थोरली पाणी ओतत होती, धाकटी कापडाची टोकं धरून होती. वास सुटला. आधी ओल्या चुन्याचा, मग सरसाचा, ओल्या जनावरासारखा. पांढरे थर आधी फुगले आणि कडेनं सुटू लागले. खुर्च्या मात्र हटेनात. त्यांचा रंग चिवट होता. चुना खालून निघून गेला तरी काळी खुर्ची अख्खीच्या अख्खी पाण्यावर तरंगायला लागली, पाय वर करून.

"अगं बाई," मावशी म्हणाल्या. "आईवर गेलीय. हट्टी."

थोरली फस्सकन हसली. मग ती गुडघ्यांवर बसली, बाह्या वर केल्या आणि दोन्ही हात पाण्यात घातले. पापुद्रा तिनं तळव्यावर घेतला, क्षणभर धरला, आणि मूठ मिटली. बोटांमधून काळे तुकडे निसटले. दुसरी खुर्ची मावशींनी चुरली, कणीक मळावी तशी, एकही तुकडा नखाएवढा राहणार नाही इतकी. फिसकटलेल्या पायाची तिसरी धाकटीच्या वाट्याला आली. हाताला ती काहीच लागली नाही. कांद्याच्या सालाएवढीसुद्धा नाही.

पाणी करडं झालं. मोरीत सोडून दिलं. कापड तेवढं उरलं, त्यावर डागही नव्हता. मावशींनी सवयीनं ते पिळलं, झटकलं, घडी घातली आणि मग घडीकडे बघत राहिल्या, हे आता ठेवायचं कुठं असं वाटल्यासारख्या. शेवटी ते मेजावर ठेवून त्या निघाल्या. दारात थोरलीला म्हणाल्या, "हात पुसा. चुन्यानं कातडी जाते."

"उद्घाटनाला याल?" थोरलीनं विचारलं.

"बघू. काय बघायला येऊ?" असं म्हणून त्या गेल्या.

दोघी हौदाच्या काठावर बसून राहिल्या. दालनातली मधली भिंत आता रिकामी राहणार होती. दालनवाल्याला काय सांगायचं हे उद्या ठरवायचं होतं, किंवा परवा. धाकटीनं घरी फोन लावला. ताप नव्हता, बिस्कीट खाल्लं होतं, आजीच्या चष्म्याची काडी मोडली होती. तिनं फोन ठेवला आणि मग तिच्या मनात ते आलं. तशी तिला सवयच लागली होती. दार लावलं का, गॅस बंद केला का, औषधाची बाटली उंचावर ठेवली का.

"ताई, तू फोटो काढले असशील."

थोरली बाह्या खाली करू लागली.

"काढलेस ना?"

"माती काढायला लागले तेव्हापासून. दर टप्प्याला काढते. नेहमीच काढते."

"कुणाला पाठवलेस?"

"आधी तुला दाखवणार होते."

थोरलीनं ओल्या हातानं खिशातून फोन काढला, उघडून दिला आणि तोंड फिरवून बसली. धाकटी बोटानं एकेक सरकवत गेली. नुसती पिवळी माती. मग मातीत एक काळी रेघ. मग रेघेला जुळलेली दुसरी. मग पाय, पाठ, पूर्ण खुर्ची. शेवटच्या फोटोत कडेला थोरलीचा अंगठा आला होता.

"एक ठेवला असता," थोरली भिंतीकडे बघत म्हणाली. "तिच्यासाठी. पुढं कधीतरी काळ बदलला तर द्यायला. एवढंच म्हणतेय. तू म्हणशील तसं."

काळ बदलेल यावर धाकटीचा विश्वास होता की नाही हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. पोर झाल्यापासून तिचा विश्वास दुपारपुरता, फार तर रात्रीपुरता पुरायचा. तिनं सगळे निवडले. 'काढून टाकायचे का?' फोननं विचारलं. तिनं हो म्हटलं. मग टाकून दिलेले जिथं महिनाभर पडून राहतात त्या कप्प्यात जाऊन तिथूनही काढायला लागली. तिथं फोननं पुन्हा विचारलं, आता परत मिळणार नाहीत, नक्की का?

"एक दिवस विचारेल ती," थोरली म्हणाली. "मावशींची लेक. चित्र कुणी पुसलं म्हणून."

"सांग माझं नाव," धाकटी म्हणाली, आणि बोट दाबलं.

फोन परत दिला तेव्हा थोरलीनं तो घेतला, पण तिच्याकडे बघितलं नाही. धाकटी उठली. नखांत चुना होता, तो तिनं नळाखाली घासून घासून काढला, कारण घरी गेल्या गेल्या पोर बोटं तोंडात घालणार होती.